‘डी’ जीवनसत्त्व वाढलं की बीपी उतरेल का?

प्रश्न : वय 54. अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची गोळी रोज घेतो, तरी बीपी 148/92च्या आसपास असतं. तपासणीत ‘डी’ 14 निघालं. ते कमी असलं की रक्तवाहिन्या आवळतात, असं वाचलं. रोज सकाळी साडेसातला गॅलरीत काचेआड अर्धा तास उन्हात बसतो. ‘डी’ची पावडर सुरू करून बीपीची गोळी बंद करता येईल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गोळी कृपया बंद करू नका.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. मूत्रपिंडातून रेनिन नावाचं द्रव्य रक्तात स्रवतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-2 तयार होतं. ते धमन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळतं आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. ‘डी’ या रेनिनला लगाम घालतं, हे उंदरांमध्ये 2002 सालीच दिसलं. माणसांत मात्र हिशेब जुळला नाही. अमेरिकेतल्या ‘डेलाइट’ चाचणीत (2015) ‘डी’ कमी आणि बीपी थोडं चढलेलं अशा 534 जणांना सहा महिने रोज 400 किंवा 4000 युनिट दिली; दोन्ही गटांच्या बीपीत फरक पडला नाही. वजन जास्त आणि दिवसभर घरात-ऑफिसात बसणं, यांनी ‘डी’ही घटतं आणि बीपीही चढतं. म्हणून दोन्ही जोडीने दिसतात.

तरीही 14 म्हणजे कमतरताच (रक्ताच्या एका मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली). ती हाडं आणि स्नायूंसाठी भरून काढायला हवी. डॉक्टर बहुधा 60,000 युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ते जेवणानंतर, साय न काढलेल्या दुधातून घ्या; स्निग्धाशिवाय ते नीट शोषलं जात नाही. सर्वांत घातक चूक म्हणजे आठवड्याचं पाकीट रोज घेणं. त्याने रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान लागते. आणि जास्तीच्या कॅल्शियमने धमन्या उलट आवळतात, बीपी वाढू शकतं. सोबत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा; बीपीसाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या या गोळ्या लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात. कोर्स संपल्यावर, साधारण तीन महिन्यांनी ‘डी’ पुन्हा तपासा.

उन्हाबद्दल. ‘डी’ बनवणारे यूव्ही-बी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत, आणि साडेसातच्या कोवळ्या उन्हात ते नगण्य असतात. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. पुण्यात सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबाराच्या सुमारास. डिसेंबरातही त्या वेळी सावली उंचीहून थोडी आखूडच पडते. हात-पाय उघडे ठेवून गच्चीवर 15-20 मिनिटं पुरे. एप्रिल-मेमध्ये याहून कमी, आणि त्वचा लाल व्हायच्या आत सावलीत या.

बीपीसाठी खरा फरक मिठाने पडतो. दिवसाचं सगळं मिळून एक सपाट चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, फरसाण त्यातच मोजायचं. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा. आधी अर्धा तास चहा नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला बांधा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती 135/85 किंवा त्याहून जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा : 5 मिलिग्रॅम तुम्हाला पुरत नसेल, कदाचित डोस वाढवावा किंवा दुसरी गोळी जोडावी लागेल.