कर्नेल मॉड्यूलच्या कनेक्शन टेबलाला जेहॅश पुरतो, की सिपहॅश लावावा?

"हॅश साधा असला तरी बाहेरच्याला काय कळणार?" हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, आणि नेमकं हेच आमचे टीम लीड म्हणायचे. म्हणून लिहायला बसलो. (हॅश म्हणजे नोंदीवरून तिचा टेबलातला कप्पा, म्हणजे बकेट, ठरवणारं सूत्र; जेहॅश साधा आणि वेगवान, सिपहॅश गुप्त किल्ली वापरणारा.)

आम्ही गेटवेचं, म्हणजे नेटवर्कच्या दाराशी बसणाऱ्या मशीनचं, मॉड्यूल लिहीत होतो. टेबल 4096 बकेटचं, हॅश लीडसरांचा स्वतःचा: पत्ते आणि पोर्ट एक्सऑर करा (बिट सारखे तर 0, वेगळे तर 1), खालचे 12 बिट घ्या. मी म्हटलं, किल्लीवाला हॅश घेऊ. उत्तर आलं, "पॅकेटमागे किती नॅनोसेकंद वाढतील ते सांग आधी." मी गप्प बसलो. अजून राग येतो, स्वतःचा.

मग एका लोड टेस्टला एक कोर 100 टक्क्यांवर अडकला. पर्फ टॉपमध्ये (सीपीयू कोण खातंय ते दाखवणारं टूल) वर फक्त आमचं लुकअप फंक्शन. टेबल डंप केलं तर 20,000 कनेक्शन एकाच बकेटमध्ये, बाकीच्या 4095 ओस! म्हणजे एका पॅकेटमागे सरासरी दहा हजार नोड चालायचे. कुणी हल्लेखोर नव्हता हो. टेस्टचं टूल क्लायंटचे पत्ते 10.0.0.0 पासून आणि पोर्ट 40960 पासून एकेकाने वाढवत होतं, आणि एक्सऑरमध्ये दोघं एकमेकांना खाऊन टाकत होते. योगायोगाने जे झालं ते मुद्दाम करायला किती अक्कल लागते?

मुद्दाम एकाच बकेटमध्ये गर्दी करणं काही नवीन नाही. 2003 मध्ये क्रॉस्बी आणि वॉलॅक या संशोधकांनी डायलअप मॉडेमपेक्षा कमी बँडविड्थमध्ये ब्रो हा घुसखोरी ओळखणारा सर्व्हर लोळवून दाखवला होता. त्यावर सरांचं पुढचं म्हणणं, "मग रँडम सीड टाकू, संपलं." नाही संपत. मर्मरहॅश या दुसऱ्या वेगवान हॅशमध्ये सीड (हॅशचा सुरुवातीचा आकडा) कुठलाही असो, टक्कर होणारच, म्हणजे हॅश सारखाच येणार, अशा नोंदी तयार करता येतात, हे 2012 मध्ये ओमासाँ आणि बर्नस्टाइन यांनी दाखवलं आणि त्याच सुमारास सिपहॅश आणला. लिनक्स कर्नेलमध्ये तो 4.11 पासून आहे, 2017 पासून. लिहायचंही काही नाही, कॉल करायचा.

तुमचं टेबल नेटवर्कवरून भरतं, तेव्हा सिपहॅश घ्या. वेग फारच टोचला तर त्याचाच हलका भाऊ हाफसिपहॅश, पण तो फक्त हॅश टेबलासाठी, आणि त्याची व्हॅल्यू बाहेर कुठेही दिसू देऊ नका. किल्ली पहिल्या वापराच्या वेळी गेट_रँडम_वन्स या कर्नेलच्या फंक्शनने भरा, बूटच्या सुरुवातीलाच घाई नको.

हां, टेबलात शोधायची नोंद तुमच्याच कोडने ठरवलेली असेल, बाहेरच्याचा हात तिथे पोहोचतच नसेल, तर जेहॅश उत्तम; उगाच सायकल जाळू नका. तेवढ्यापुरते सर बरोबर होते.

माझा सिपहॅशचा पॅच त्यांनी शेवटी घेतला, मी नोकरी सोडल्यावर. कमिट मेसेज होता: "किरकोळ साफसफाई".