गोव्यात चर्चमध्ये ‘कुमसार’ (पाद्रीपुढे पापाची कबुली) केलं की चोरीचं पाप माफ होतं म्हणतात. मग चोरलेला माल ठेवून घेता येतो का?

नाही, माल परत करावाच लागतो. कॅथलिक शिकवणीत क्षमा देवाची, पाद्री ती त्याच्या नावाने देतो. पण त्यासाठी मनापासून पश्चात्ताप, पापाची कबुली आणि भरपाईची तयारी, तिन्ही हवं. शेजाऱ्याची सोन्याची साखळी कपाटात ठेवून ‘पश्चात्ताप झाला’ म्हणणाऱ्याचा पश्चात्ताप कसला? बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १९) जक्कय हा जकातदार येशूसमोर उभा राहून सांगतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत देईन. चौपटीची सक्ती मात्र चर्च करत नाही. स्वतः तोंड दाखवायलाच हवं असंही नाही, वस्तू गुपचूप पोचवली तरी चालते. मालक सापडतच नसेल तर तेवढी रक्कम गरिबांना द्यायची जुनी रीत आहे. कुमसारात ऐकलेलं पाद्री कोणालाच सांगू शकत नाही, पोलिसांनाही नाही, त्यामुळे ती भीती नको. हे सगळं कॅथलिकांपुरतं, गोव्यातले बहुतेक ख्रिस्ती तेच. प्रोटेस्टंट पंथांत साधारणपणे कबुली थेट देवापाशी देतात, पाद्री लागत नाही.