वाचक विचारतात : पुळणीवर कॉइल मोठी की लहान?

मेटल डिटेक्टरने किनाऱ्यावर हरवलेल्या वस्तू शोधणाऱ्या वाचकांची या महिन्यातली बहुतेक पत्रे कॉइलविषयी, म्हणजे यंत्राच्या टोकाला असलेल्या, वाळूवर फिरवायच्या तबकडीविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (म्हापसा) : माझा डिटेक्टर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतो. त्याच्यासोबत 11 इंची कॉइल आली. बागा-कळंगुटला लोकांच्या हरवलेल्या अंगठ्या, साखळ्या शोधून द्यायच्या आहेत. 15 इंची घेतली तर यंत्र जास्त खोल जाईल असे सगळे सांगतात. 6 इंचीही मिळते. एकीपुरतेच पैसे आहेत. कोणती घेऊ?

उत्तर : 6 इंची घ्या.

मोठी कॉइल खोल जाते, पण कोणत्या वस्तूला, हे त्या सल्ल्यात कोणी सांगत नाही. कॉइलमधून निघणारे चुंबकीय क्षेत्र मोठ्या व्यासावर पसरले की तेवढ्याच ताकदीला कॉइलच्या अगदी जवळ विरळ होते. कॉइलपासून तिच्या व्यासाएवढे दूर गेल्यावर ते जवळजवळ अंतराच्या घनाने उतरत जाते. वस्तूकडून परत येणारा प्रतिसादही तसाच उतरतो. म्हणजे खोली दुप्पट झाली की संकेत सुमारे चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच 11 वरून 15 वर गेल्याने मोठ्या नाण्याला फार तर एखाद-दोन इंच जास्त मिळतात. बारीक अंगठीला काहीच मिळत नाही, उलट ती वरच्या थरात असेल तर 15 इंचीला फिकी लागते आणि 6 इंचीला ठळक. कॉइलच्या व्यासाएवढी खोली हा ठोकताळा नाण्याएवढ्या वस्तूला 11 इंचांपर्यंत बऱ्यापैकी लागू पडतो. त्यापुढे त्यावर विसंबू नका.

आता हरवते काय ते पाहा. पोहताना बोट आखडते आणि अंगठी निसटते. गळ्यातली साखळी लाटेत तुटते. साखळीत धातू पुष्कळ असला तरी प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते, सगळ्या मिळून एक तुकडा होत नाही. त्यामुळे साखळी सापडते ती बहुधा हुकामुळे किंवा पदकामुळे. मंगळसूत्रात काळे मणी काचेचे, म्हणून मदतीला असतात फक्त दोन वाट्या. जोडवे चांदीचे असूनही तोंडाशी उघडे असते. प्रवाहाला पूर्ण फेरा मिळत नाही आणि आवाज बारीक येतो. अशा वस्तू नुकत्याच, कोरड्या वाळूत पडल्या असतील तर त्या चार-सहा इंचांच्या आतच असतात. तिथे खोलीचा प्रश्न नाही, प्रश्न गर्दीचा आहे. शॅकच्या ओळीत हातभर जागेत खिळे, बिअरच्या बाटल्यांची बुचे, कॅनच्या पट्ट्या आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा तुकडा असतो. 15 इंचीखाली एकाच वेळी तीन-चार धातू येतात आणि लोखंड शेजारच्या सोन्याला झाकून टाकते. 6 इंची त्या दोघांच्या मध्ये शिरते.

किंमत मोजावी लागते ती वेळात. प्रत्येक झोका दीड मीटर रुंद, पुढचे पाऊल अर्ध्या कॉइलएवढे, झोक्याला दोन सेकंद असे धरून 10 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद तुकड्याला 15 इंचीने साधारण 12 मिनिटे, 11 इंचीने 17 आणि 6 इंचीने 31 मिनिटे लागतात. अर्धे पाऊल म्हणतो ते कारणाने. डबल-डी (आत D आकाराची दोन वेटोळी असलेल्या) कॉइलचा शोधपट्टा पुढून मागे जातो आणि खोलीवर आखूड होतो. पूर्ण पाऊल टाकले तर मधली पट्टी तपासल्याशिवाय राहते. लोक मोठी कॉइल घेतात आणि भरभर चालतात, मग खोलवरची वस्तू नेमकी याच पट्टीत सुटते.

15 इंचीलाही तिची वेळ असते : जून ते सप्टेंबरात पावसाळी लाटा वाळू उचलून आत नेतात, पुळणीला पायरी पडते आणि खालचा टणक थर उघडा होतो. जड वस्तू तिथे अडकून राहतात, कचरा वाहून गेलेला असतो. अशा स्वच्छ, रुंद पट्ट्यावर मोठी कॉइल थोड्या वेळात बराच भाग झाडते. मात्र जीवरक्षकांचा लाल बावटा असेल तर पाण्याच्या रेषेपासून दूर राहा. पायरीवर एक लाट चढली तर कॉइल सांभाळत बसायला वेळ मिळत नाही.

प्रश्न (काणकोण) : कोरड्या वाळूत माझी 15 इंची शांत असते. लाटा येऊन जातात त्या पट्ट्यात गेलो की सतत किणकिण सुरू होते. कॉइल बिघडली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. समुद्राचे पाणी वीज वाहून नेते, म्हणून भिजलेली वाळू यंत्राला धातूसारखीच दिसते. 15 इंचीचे क्षेत्रफळ 11 इंचीच्या जवळजवळ दुप्पट आणि 6 इंचीच्या सहापट असते. तितके जास्त खारे पाणी ती एका वेळी पाहते. हीच मोठ्या कॉइलची खरी अडचण आहे आणि ती दुकानात फिरवून कळत नाही.

पुढच्या वेळी असे करा. यंत्र कोरड्या भागात सेट करू नका. ओल्या पट्ट्यात जा, बीच मोड लावा, खाली धातू नाही अशी जागा शोधा आणि कॉइल एक इंचापासून एक फुटापर्यंत सावकाश वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे वाळूचा स्वतःचा आवाज यंत्राला वजा करायला लावा. मग सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या आणि यंत्र बरळायला लागले की दोन पायऱ्या खाली या. पाण्याच्या रेषेला समांतर चाला. पाण्याकडे आणि परत असे गेलात तर प्रत्येक झोक्यात खाऱ्याचे प्रमाण बदलते आणि तो बदलच आवाज करतो. झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलली जाते, तेही टाळा.

एवढे करूनही आवाज राहिला तर दोन गोष्टी तपासा. कॉइलच्या कव्हरमध्ये ओली वाळू साठली असेल, ते काढून धुवा. वायर दांड्याभोवती सैल असेल तर झोक्यागणिक हलते, ती घट्ट गुंडाळून पट्ट्या लावा, फक्त कॉइलच्या सांध्यापाशी थोडी मोकळी सोडा. आणि यंत्र पडद्यावर प्रत्येक वस्तूला जो ओळख-आकडा दाखवते, त्यांतले मीठ दिसते ते आकडे सरसकट बंद करू नका. बारीक साखळी आणि कानातले सोने नेमके त्याच आकड्यांत येते. ते बंद केले की यंत्र छान शांत होते आणि सोनेही गप्प होते. त्यापेक्षा 11 इंची लावा.

काळ्या वाळूच्या रेघा लागल्या तर त्या लोहयुक्त जड खनिजांच्या असतात. तिथे ग्राउंड बॅलन्स पुन्हा करायला हवा. जांभ्या दगडाचे तुकडेही खोटा आवाज देतात. कॉइल थोडी वर उचलली की त्यांचा आवाज झटकन मरतो, धातूचा हळूहळू.

प्रश्न (मडगाव) : कोलव्याला बुचे खणून हात दुखतात. लहान कॉइलने ती कमी होतील का?

उत्तर : कमी होत नाहीत, ओळखता येतात. आवाज मिळाला की कॉइलचे नाक (पुढचे टोक) मागे ओढत वस्तूला कडेपर्यंत आणा. पोलादी बुचाचा आकडा कडेशी तुटतो आणि लोखंडात घसरतो. अंगठीचा फिका होतो पण बराचसा तोच राहतो. हे 6 इंचीने स्पष्ट कळते, 15 इंचीने गोंधळ होतो, कारण कडेखाली दुसरेच काही असते. गोल आकाराची कॉन्सेंट्रिक (एकात एक वेटोळी असलेली) कॉइल बुचे आणखी चांगली उघडी पाडते, पण खनिज असलेल्या वाळूत ती डबल-डीपेक्षा लवकर हरते. कॅनच्या ॲल्युमिनियम पट्टीवर मात्र कोणतीच युक्ती चालत नाही. सोन्याच्या अंगठीचे आणि तिचे आकडे एकमेकांवर पडतात, खणावेच लागते. लोखंडाचे आकडे पूर्ण बंद ठेवलेत तर सध्याची 1 आणि 2 रुपयांची नाणीही जातात, ती चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत.

प्रश्न (फोंडा) : दुसऱ्या कंपनीची 15 इंची स्वस्तात मिळते, पिना जुळतात. चालेल?

उत्तर : नाही. पिना जुळणे म्हणजे कॉइल जुळणे नव्हे. पाठवणारी आणि घेणारी वेटोळी त्या यंत्राच्या फ्रिक्वेन्सीला मिळवलेली असतात. तुमच्या मॉडेलच्या यादीत नाव असेल तीच घ्या. जुनी घेताना पृष्ठभागावर केसाएवढी चीर आहे का ते उजेडात पाहा. खारे पाणी आत गेले की ती कॉइल दुरुस्त होत नाही.

प्रश्न (पेडणे) : वेळ कोणती बरी? आणि सापडलेल्या वस्तूचे काय करावे?

उत्तर : मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्या दिवसाची सर्वांत खालची ओहोटी पाहा. तिच्या दीड तास आधी पोहोचा आणि पाणी जसे मागे सरेल तसे त्याच्या मागे जा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणामुळे पाणी सर्वांत मागे जाते. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) तो पट्टा उघडाच पडत नाही, तेव्हा 6 इंची लावून वरची कोरडी पुळण घ्या.

दागिना सापडला तर जागा, तारीख आणि फोटो नोंदवून जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. मालक शोधता येत असूनही वस्तू ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली गुन्हा ठरू शकतो. आग्वादसारख्या संरक्षित किल्ल्याच्या आवारात यंत्र नेऊ नका. तुमच्या पेडण्यात मोरजी आणि मांद्रे, तिकडे दक्षिणेला आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून कासवे अंडी घालायला येतात. ऑलिव्ह रिडलेचे घरटे साधारण दीड फूट खोल असते, वरून वाळू सपाट दिसते, आणि पिल्ले बाहेर यायला 45 ते 60 दिवस लागतात. त्या चार ठिकाणी मेअखेरपर्यंत खणू नका. इतर ठिकाणी प्रत्येक खड्डा लगेच बुजवा, कारण पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणारे त्याच वाळूतून अंधारात चालतात.