सख्ख्या भावाशी एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) शून्य जुळतंय. किडनीसाठी आपल्याच समाजातला दाता शोधावा का?

नाही, त्यामागे धावू नका. परळच्या एका टिश्यू टायपिंग (ही जुळणी तपासणाऱ्या) लॅबमध्ये मी काम करते, असे रिपोर्ट रोज हातात येतात.

त्यात ए, बी, डीआर अशा तीन जागा बघा. प्रत्येक जागी दोन अँटिजेन, म्हणजे ओळखखुणा, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. हे जीन सहाव्या क्रोमोसोमवर जवळजवळ असल्याने सहसा अख्खा संचच पुढे येतो. आई आणि वडील, दोघांकडे दोन-दोन संच असतात. तुम्हाला प्रत्येकाचा एकेक संच आला आणि भावाला नेमके उरलेले दोन, की झालं शून्य. भावंडांत ही शक्यता चारात एक. (यावरून घरात भलतीच कुजबुज सुरू होते, म्हणून सांगते: सख्खेपणाचा इथे काही संबंध नाही.)

समाजाचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं झाली की ठरावीक संच पुन्हा पुन्हा दिसतात. युरोपात बी8-डीआर3 बहुधा ए1 सोबत सापडतं, आपल्याकडे जास्त करून ए26 सोबत. बोन मॅरोला काटेकोर जुळणी लागते, तिथे हा फरक फार नडतो. पण एकाच जातीतही इतकी विविधता असते की आडनाव बघून सहापैकी सहा मिळत नाहीत. आणि कोणी एजंट ‘मॅचिंगवाला डोनर देतो’ म्हणाला तर फोन ठेवून द्या. किडनीची खरेदी-विक्री 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे.

किडनीचं खरं अडतं ते क्रॉसमॅचवर, म्हणजे तुमचं रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करतं का या चाचणीवर. दात्याच्या लिम्फोसाइट्सवर (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तुमचं सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) आणि कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी प्रथिनं) घालून आम्ही मायक्रोस्कोपखाली बघतो. पेशी चकाकत राहिल्या तर ठीक, म्हणजे निगेटिव्ह. पेशी मेल्या आणि त्यांनी रंग शोषला तर पॉझिटिव्ह, तुमच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटिबॉडी (हल्ला करणारी प्रथिनं) आहेत. त्या आधीच्या रक्त चढवण्यातून, गरोदरपणातून किंवा जुन्या ट्रान्सप्लांटमधून येतात. म्हणून डायलिसिसवर असताना रक्त विचारूनच घ्या.

क्रॉसमॅच निगेटिव्ह असेल आणि रक्तगट चालत असेल तर शून्यवाला भाऊही दाता होऊ शकतो, बायकोही. टिश्यू टायपिंगमधले संशोधक टेरासाकी यांनी 1995 मध्ये अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा जुळणी कमी असूनही नवराबायकोने दिलेल्या किडन्या मृत दात्यांच्या किडन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दिसल्या. औषधं मात्र कायमची.

क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलाच तर हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला स्वॅपबद्दल (दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करणं) विचारा. तोवर हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप बघणारं विभागीय केंद्र) यादीत नाव घालून ठेवा.