लेगोचं मॉडेल संगणकावर रचायला हौशी लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरवर विसंबावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा आठवीत आहे, लेगोचा नाद जबरदस्त, पण मोठे सेट परवडत नाहीत. म्हणून संगणकावर मॉडेल रचायला काही मोफत मिळेल का? आणि कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरसुद्धा बंद पडलं, तर जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेल्याचा काय भरवसा?

भरवसा आहे, आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त आहे. मी कारखान्यात यंत्रभागांची ड्रॉइंग काढते, रोज महागडं कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, वापरते, आणि सुट्टीच्या दिवशी सोसायटीतल्या मुलांना लेगोची मॉडेलं संगणकावर रचायला शिकवते. दोन्हीकडे पाहिलेल्यावरून सांगते, प्रोग्रॅम कोणता घ्यायचा हा नंतरचा प्रश्न. मुलाने रचलेलं मॉडेल कोणत्या स्वरूपात साठवलं जाणार आणि ते स्वरूप कोणाच्या हातात आहे, हे आधी बघा. मी एकच नाव सुचवेन: एलड्रॉ, म्हणजे लेगोची मॉडेलं साठवायचं खुलं स्वरूप आणि त्याबरोबरचा भागांचा संग्रह.

ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन नावाच्या तरुणाने १९९५ मध्ये डॉसवर, म्हणजे त्या काळच्या संगणकप्रणालीवर, चालणारे दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. फाइल वाचून मॉडेलचं चित्र काढणारा एलड्रॉ, आणि ती फाइल तयार करायला एलएडिट. दोन्ही त्याने फुकट वाटले. लेगोचे सुरुवातीचे भागही त्यानेच संगणकात उतरवले. जुलै १९९७ मध्ये फ्लूने त्याचं निधन झालं, वय अवघं २६. एका माणसाने उभं केलेलं काम तिथेच थांबायला हवं होतं. ते थांबलं नाही, कारण त्याने फाइलचं स्वरूप साध्या मजकुरात ठेवलं होतं. नोटपॅडमध्ये उघडली की वाचता येते, कोणीही समजून घेऊ शकतो. त्यामुळे इतरांनी त्याच फाइली वाचणारे नवे प्रोग्रॅम लिहिले आणि नवे भाग जोडत गेले. आज त्या संग्रहात दहा हजारांहून कितीतरी जास्त भाग आहेत. त्याच्या नावाने एक पुरस्कारही दिला जातो. माथ्यावर गोल उंचवट्यांच्या दोन रांगा, प्रत्येकीत चार, असा जो नेहमीचा ब्लॉक, त्याची फाइल उघडलीत तर लेखक म्हणून आजही जेम्स जेसिमन हेच नाव दिसतं.

आता कंपनीच्या सॉफ्टवेअरचं बघा. लेगो डिजिटल डिझायनर २००४ मध्ये आलं. वापरायला छान होतं, मुलांना आवडायचं. काही वर्षं तर त्यात रचलेलं मॉडेल कंपनीकडूनच ब्लॉकसकट मागवता येत असे, ती सोय २०१२ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये कंपनीने त्याच्या विकासातून हात काढून घेतला आणि २०२२ मध्ये ते अधिकृतपणे निवृत्त करून वापरणाऱ्यांना ब्रिकलिंकच्या स्टुडिओकडे वळवलं. ब्रिकलिंक ही सुट्या भागांची मोठी ऑनलाइन बाजारपेठ, ती लेगोने २०१९ मध्ये विकत घेतली. आणि हे स्टुडिओ ज्या भागसंग्रहावर उभं आहे, तो मुळात एलड्रॉचा आहे. म्हणजे कंपनीने आपलं सॉफ्टवेअर मागे घेतल्यावर लोकांना जिकडे पाठवलं, तिथला पाया हौशी लोकांनीच घातलेला होता. तुमच्या शंकेवर याहून ठोस पुरावा माझ्याकडे नाही.

ते स्वरूप इतकं का टिकलं, हे मुलालाही दाखवा. लाल रंगाचा एक ब्लॉक मॉडेलमध्ये ठेवायचा तर फाइलीत एकच ओळ लागते. प्रत्यक्षात ती इंग्रजी आकड्या-अक्षरांत असते, इथे देवनागरीत लिहिते:

१ ४ ० ० ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ म्हणजे ‘दुसरी एक फाइल इथे आणून ठेव’. ४ म्हणजे लाल. पुढचे तीन आकडे म्हणजे जागा: डावी-उजवीकडे, वर-खाली, पुढे-मागे. त्यानंतरचे नऊ आकडे भाग कसा वळवायचा ते सांगतात. हीच ती मॅट्रिक्स, जी आपल्याकडे मुलांना अकरावी-बारावीत भेटते आणि बहुतेकांना कशासाठी आहे ते कळत नाही. शेवटी भागाची फाइल. ३००१ हा लेगोचाच क्रमांक आहे. बऱ्याच भागांच्या आतल्या बाजूला असा क्रमांक बारीक कोरलेला असतो, हातात घेऊन बघा. रंगांचे पहिले क्रमांक डॉसच्या जमान्यातल्या १६ रंगांवरून आले आहेत: १ निळा, २ हिरवा, ४ लाल, १४ पिवळा, १५ पांढरा.

या ब्लॉकवर दुसरा पिवळा ब्लॉक चढवायचा असेल तर आणखी एक ओळ लिहायची, रंग १४ करायचा आणि जागेच्या मधल्या आकड्यात उणे २४ टाकायचे. उणे अशासाठी, की एलड्रॉत वर जाणं म्हणजे उणेकडे जाणं. मुलं इथे एकदा गोंधळतात, मग सवय होते. आणि २४ अशासाठी, की ब्लॉकची उंची २४ एकक आहे. एक एकक ०.४ मिलिमीटरचं. शेजारच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर २० एकक, म्हणजे ८ मिलिमीटर. ब्लॉक २४ म्हणजे ९.६ मिलिमीटर उंच. चपटी प्लेट ८ एकक, म्हणजे ३.२ मिलिमीटर. तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एक ब्लॉक झाला, हे खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. पण पाच प्लेट म्हणजे ४० एकक, आणि दोन उंचवट्यांची रुंदीही ४० एकक, हे सहसा माहीत नसतं. त्यामुळे पाच प्लेटची चळत आडवी पाडली तर ती दोन उंचवट्यांच्या जागेत अगदी नेमकी बसते. मोठे कलाकार उंचवटे बाजूला वळवून गुळगुळीत भिंती, अक्षरं, गाड्यांची नाकं काढतात, ते सगळं याच हिशेबावर उभं असतं. हातात ब्लॉक घेऊन हे उमगायला वेळ लागतो, फाइलीत आकडे समोरच असतात.

मला स्वतःला या रचनेतली सर्वांत देखणी वाटते ती गोष्ट पुढची. ३००१ ची फाइल उघडलीत तर तिच्यातही तशाच ओळी सापडतात: उंचवट्याची फाइल आण आणि इथे ठेव. उंचवटा एकदाच काढलेला आहे, सगळे भाग तोच बोलावून घेतात. उंचवट्याच्या आतही नळकांडं आणि चकती अशा मूळ आकारांना बोलावलेलं असतं. अगदी तळाशी गेलं की फक्त रेषा, त्रिकोण आणि चौकोन उरतात. आणि जे खाली चालतं तेच वरही चालतं. समजा मुलाने किल्ला रचायला घेतला. बुरूज एकदा रचायचा, वेगळं उपमॉडेल म्हणून ठेवायचा आणि किल्ल्याच्या फाइलीत चार ओळींनी चार कोपऱ्यांत बोलवायचा, फक्त वळवण्याचे आकडे बदलायचे. नंतर बुरुजाला जंग्या पाडाव्याशा वाटल्या तर एका जागी बदल केला की चारही बुरूज बदलतात. भाग, उपमॉडेल, अख्खं मॉडेल, सगळ्यांना एकच नियम. मी कामावर वापरते त्या कॅडमध्ये असेंब्ली नावाचं जे प्रकरण आहे ते हेच. फरक इतकाच की इथे आठवीतला मुलगा नोटपॅडमध्ये ते उघडून बघू शकतो.

रंगाचंही तसंच. भागाच्या फाइलीत रंग बहुतेक ठिकाणी १६ लिहिलेला असतो, म्हणजे ‘मला बोलावणारा जो रंग देईल तो माझा’. त्यामुळे एकच फाइल लाल, पिवळ्या, काळ्या सगळ्या ब्लॉकना पुरते.

हे सगळं हाताने टाइप करायची गरज नाही, समजावं म्हणून सांगितलं. प्रत्यक्ष रचायला लिओकॅड घ्या. लिओनार्डो झाइड यांनी ते सुरू केलं, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. एलड्रॉचा भागसंग्रह त्यात आधीच घातलेला असतो, त्यामुळे उतरवलं की लगेच सुरुवात करता येते. जुन्या लॅपटॉपवरही ते जड पडत नाही, आमच्या मुलांकडे तशीच यंत्रं आहेत. डावी-उजवीकडे बाणांच्या कळांनी भाग सरकवायचे, पायऱ्या पाडत जायचं. हात बसला की एलडीकॅड बघा, रोलंड मेलकर्ट यांचं. भाग आपोआप जागेवर चिकटणं, नळ्या आणि दोऱ्या हव्या तशा वाकवणं हे त्यात फार चांगलं जमतं. पण नवशिक्याला त्याचा पडदा बिचकवतो. मिखाएल लाखमान यांचं एमएलकॅड विंडोजवर बरीच वर्षं राज्य करून गेलं, जुन्या लेखांत त्याचं नाव हमखास भेटेल, आता त्यापासून सुरुवात करायचं कारण नाही. मॉडेल पुरं झाल्यावर सेटबरोबर येते तशी पायरी-पायरीची पुस्तिका पीडीएफमध्ये काढायला एलपब-थ्रीडी. मुलं त्यात रमतात. आपलं मॉडेल दुसऱ्याला रचता यावं म्हणून पायऱ्या पाडताना ती जो विचार करतात, तो मला शाळेच्या निबंधापेक्षा मोलाचा वाटतो.

हे सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या फाइली वाचतात. लिओकॅडमध्ये सुरू केलेलं एलडीकॅडमध्ये पुढे न्या, एलपबमध्ये पुस्तिका करा, काही अडत नाही.

स्टुडिओ वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. विंडोज आणि मॅकवर ते मोफत आहे. एक भाग दुसऱ्यात घुसला तर ते सांगतं, रचना डळमळीत आहे का तपासतं, चित्रं सुरेख काढतं, आणि मॉडेलला अंदाजे किती पैसे पडतील तेही दाखवतं. ज्याला पुढे खरे ब्लॉक घ्यायचे आहेत त्याने ते जरूर वापरावं. फक्त ते आपल्या वेगळ्या स्वरूपात साठवतं, म्हणून प्रत्येक मॉडेलची एलड्रॉ स्वरूपातली प्रत काढून ठेवायची सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावा. त्याने केलेलं काम त्याच्याकडे राहायला हवं, कोणत्या कंपनीने पुढे काय ठरवलं तरीही.

पडद्यावरच्या रचनेत काही धोके असतात, ते मुलाला आधीच सांगून ठेवा. तिथे वजन नसतं. एका उंचवट्यावर लोंबकळणारा भलामोठा छज्जा पडद्यावर खुशाल उभा राहतो, प्रत्यक्षात कोसळतो. लिओकॅड भाग एकमेकांत घुसू देतं, तेव्हा मॉडेल फिरवून आतून बघायची सवय हवी. आणि पडद्यावर कोणताही भाग कोणत्याही रंगात मिळतो, बाजारात मिळत नाही. कंपनीने तो भाग त्या रंगात कधी काढलाच नसेल, किंवा इतका कमी काढला असेल की एका तुकड्याची किंमत ऐकून तुम्ही थक्क व्हाल. म्हणून खरेदीचा विचार असेल तर रंग आधी ब्रिकलिंकवर तपासा. लिओकॅडमधून भागांची यादी ब्रिकलिंकला चालेल अशा स्वरूपात काढता येते. आणि ज्या सांध्याबद्दल शंका असेल तेवढाच घरातल्या चार-सहा ब्लॉकवर करून बघायचा. त्यासाठी अख्खा सेट लागत नाही.

आणखी एक सोय, जी कोणी सांगत नाही. एलड्रॉच्या फाइली युनिकोडमध्ये असतात, त्यामुळे शून्याने सुरू होणाऱ्या टिपणीच्या ओळींत देवनागरी बिनदिक्कत लिहिता येतं. ‘पूर्वेकडचा बुरूज’, ‘इथून दरवाजा सुरू’ अशा खुणा आमची मुलं मराठीतच करतात. फाइलीचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा, काही प्रोग्रॅम देवनागरी नावांवर अडखळतात.

कधी ना कधी मुलगा म्हणेल, मला हवा तो भागच नाही. आधी एलड्रॉच्या अनधिकृत, म्हणजे अजून तपासून न झालेल्या, भागांमध्ये शोधा. नव्या भागाची फाइल कोणीतरी लिहून पाठवतो, मग इतर जाणकार ती तपासतात. मापं बरोबर आहेत का, कडा जुळतात का, ठरलेले मूळ आकार वापरलेत की उगाच नवे काढलेत, हे सगळं बघून मत देतात, आणि त्यातून पार पडल्यावरच भाग अधिकृत संग्रहात जातो. तोवर तो अनधिकृत म्हणून उपलब्ध असतो आणि बहुतेक वेळा व्यवस्थित चालतो. कोणालाही याचा पगार मिळत नाही. सगळं मुक्त परवान्याखाली असतं, फक्त करणाऱ्याचं नाव राखायचं. कारखान्यात माझी ड्रॉइंग तपासली जातात त्याहून ही तपासणी कधीकधी कडक असते, आणि मला तिचा मनापासून आदर आहे.

तिथेही भाग नसला आणि मुलाला गणिताची गोडी असली, तर त्याला बारीक मापं घ्यायला व्हर्नियर कॅलिपर आणून द्या आणि तो भाग त्यालाच लिहू द्या. पहिल्यांदा गोलाई नसलेला भाग निवडायला सांगा, सरळ कडांचा, शक्यतो आधीच्या एखाद्या भागाशी मिळताजुळता. त्या भागाची फाइल शेजारी उघडी ठेवून काम करायचं. तपासणाऱ्यांकडून दुरुस्त्या येतील, बहुधा एकाहून जास्त वेळा. तिथे सगळ्यांनाच येतात.