आधी दूध बंद कर

ठाणे, जूनचा पहिला आठवडा

पोरी,

परवा रात्री सापडलेल्या खारीच्या पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजतेयस म्हणून तुझा फोन आला तेव्हा नमस्कार-चमत्कार न करता मी एकदम म्हटलं, "आधी दूध बंद कर." तू गप्प झालीस. खट्टू झालीस हे मला कळलं, पण तेव्हा समजावत बसायला वेळ नव्हता. आज दुपार निवांत आहे, म्हणून फोनवर राहिलेलं लिहून पाठवते.

गाईचं दूध खारीच्या पिल्लाला पचत नाही. पोट फुगतं, जुलाब लागतात, आणि मुठीत मावणाऱ्या जिवाच्या अंगात पाणी ते किती असणार? दुधाहून वाईट तो ड्रॉपर. घाईघाईत तोंडात थेंब सोडले की ते फुप्फुसात उतरतात, आणि आपण समजतो पोट भरलं. त्यात तुझं पिल्लू हाताला गार लागत होतं. गार पडलेल्या पिल्लाला काहीच पचत नाही. आधी ऊब, मग बाकीचं. कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेव म्हटलं ते यासाठी की जास्त गरम झालं तर त्याला सरकायला जागा हवी. डोळे मिटलेले होते ना? ते उघडायला साधारण तीन आठवडे लागतात. एवढ्या लहान पिल्लाला लघवीसुद्धा आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हा होते. ओल्या कापसाने खालून पुस म्हटल्यावर तू "ईऽऽ" केलंस, ते त्या चाटण्याच्या बदल्यात होतं.

मग सकाळी साडेसहाला टोपली गुलमोहराला बांधून तू पार्किंगच्या खांबामागे उभी राहिलीस आणि पावणेनऊला आई आली. तोंडात धरून वर घेऊन गेली. तुझा तो मेसेज मी तीनदा वाचला. खार दिवसा वावरणारा प्राणी, अंधारात ती येणारच नव्हती. मधली एक रात्र ऊब देणं, एवढंच तुझ्या वाट्याचं काम होतं आणि ते तू केलंस. खारीचं एकच घरटं नसतं. एकाला मुंग्या लागल्या, वाऱ्याने फांदी मोडली, की ती पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवते. त्या ये-जा करण्यात एखादं निसटतं. आपण नेमके तेव्हाच खाली उभे असतो आणि अनाथ म्हणून उचलतो.

तू लिहिलंस की आता घर रिकामं वाटतंय, नाव उगाच ठेवलं. हो, उगाच ठेवलंस. पुढच्या वेळी ठेवू नकोस. मी वहीत फक्त तारीख, प्राणी आणि कुठे सापडला एवढंच लिहिते. नाव दिलं की दुसऱ्या दिवशी सोडायचं ते चौथ्या दिवशी सोडू असं वाटायला लागतं.

आता माझ्या हातून घडलेलं सांगते, म्हणजे मी असं तोडून का बोलते ते कळेल. पंचवीसेक वर्षं झाली. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या अंगणात जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू बसलेलं. अंगावर पिसं आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कडेला पिवळी किनार. टुणटुण उड्या मारत होतं, उडता येत नव्हतं. मी ओंजळीत घेतलं, घरी आणलं, एप्रिलचं ऊन म्हणून चोच उघडून पाणी घातलं. पक्ष्याची श्वासनलिका तोंडात जिभेच्या मागेच उघडते हे मला कुठे ठाऊक? पाणी थेट तिथे गेलं. दहा मिनिटांत मान टाकली. खिडकीबाहेरच्या तारेवर दोन बुलबुल तेव्हाही ओरडत होते. चोचीत काहीतरी किडा होता एकाच्या. ते पिल्लू हरवलं नव्हतं की पडलंही नव्हतं. बुलबुलाची पिल्लं उडायला यायच्या आधीच घरटं सोडतात, काही दिवस झुडपात बसून आईबापांकडून भरवून घेतात. त्याला माझी काही गरज नव्हती. फार तर मांजर येईल म्हणून उचलून जास्वंदीच्या वरच्या फांदीवर ठेवायचं होतं.

तेव्हा पिसं फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू दिसलं तर जवळच्या झुडपात ठेव आणि लांब हो. उघडंवाघडं, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून आत ठेव. माणसाचा हात लागला की आई टाकते, असं आपल्या आज्या सांगायच्या. पोरांनी घरट्यात हात घालू नये म्हणून ते ठीकच होतं, पण पक्षी माणसाच्या वासावरून पिल्लू टाकत नाहीत. बेधडक ठेव.

मग उचलायचं कधी? रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, माश्या घोंगावत असतील, आई मेलेली डोळ्यांनी दिसली असेल, किंवा मांजराने तोंडात धरलेलं असेल तर. मांजराचं मुद्दाम सांगते. वरून ओरखडाही दिसत नाही, पिल्लू टवटवीत वाटतं, म्हणून लोक सोडून देतात. पण मांजराच्या दाताची जखम सुईएवढी असते आणि तिच्या लाळेतले जंतू आत गेलेले असतात. औषध मिळालं नाही तर दोन-तीन दिवसांत पाखरू जातं. अशा पिल्लाला खोक्यात घालून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि वन विभागाच्या 1926 या नंबरावर फोन करायचाच. जंगली जनावर घरात ठेवून घेणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. पिंजऱ्यातला आपला मिठूसुद्धा त्यातच मोडतो, हे सांगितलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखे बघतात.

लोकांचं सांगायचं तर निम्मं काम त्यांचंच आहे. या दिवसांत कोकिळेची पिल्लं कावळ्यांच्या घरट्यांतून बाहेर पडतात आणि तेच कावळे त्यांना टोचायला धावतात. खाली वीस माणसं जमतात, कोणी दगड मारतं, कोणी व्हिडिओ काढतं, सोसायटीच्या ग्रुपवर तोवर "गरुडाचं पिल्लू" अशी बातमी फिरलेली असते. तुला प्राण्याआधी त्या वीस माणसांना चार पावलं मागे न्यायचंय. मी कोणाला पाणी आणायला पाठवते, कोणाला खोका, कोणाला कात्री. त्यातलं काही लागतंच असं नाही.

आणि सोडवून झालं की हटकून एकजण म्हणतो, "चला, येऊरला सोडून येतो." येऊर म्हणजे जणू माहेर. अगं, येऊरचं जंगल ज्यात येतं ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभरेक चौरस किलोमीटरचं असलं तरी तिथली प्रत्येक फांदी कोणाच्या तरी मालकीची आहे. कोलशेतची खार तिथे नेऊन सोडली तर तिला ना झाड ओळखीचं ना घरटं, आणि तिथल्या खारी तिला हाकलून लावणार. खाडीकाठच्या पाणथळीतल्या दिवड सापाने डोंगरावर जाऊन काय करायचं? जिथे सापडलं तिथेच, तेवढ्यातल्या तेवढ्यात सोडायचं. तलावपाळीला कासवं सोडून पुण्य मिळवणारे वेगळेच. कानामागे लाल पट्टा असलेलं ते कासव अमेरिकेतलं. दुकानातून रुपयाएवढं आणतात, ताटाएवढं झालं की तलावात टाकतात, आणि मग ते तळ्यातल्या मूळच्या जिवांच्या तोंडचं पळवतं.

आता तू ज्याच्यासाठी पत्र लिहिलंस ते. सापाचं काम शिकायचंय म्हणतेस. दोन वर्षं नाही. रागाव हवं तर.

आपल्याकडे घरात निघणाऱ्या सापांत कवड्या बराच असतो. भिंतीवरून चढतो, पाली खातो, बिनविषारी. आणि त्याच्यासारखी दिसते मण्यार, जिचा दंश रात्री झोपेत झाला तर धड दुखतही नाही आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडू शकतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत स्पष्ट. वाचायला सोपं आहे. मोरीत बादलीमागे वेटोळं करून बसलेला असताना, साठच्या बल्बखाली, बाहेर वॉचमन काठी आपटत असताना हे पट्टे मोजून बघ. मी फोटो झूम करूनही चुकले आहे. महाराष्ट्रात अनुभवी सर्पमित्र दंशाने गेलेत, आणि बघ्यांच्या कोंडाळ्यात साप हातात धरून दाखवण्याची हौस हे त्यातलं एक कारण आहे.

तोपर्यंत तू करायचं ते एवढं: साप दिसला की लांबून त्याच्यावर नजर ठेव, त्या खोलीचं दार लावून फटीत टॉवेल कोंब, काठीवाल्याला बाहेर काढ, जाणत्या माणसाला बोलाव. साप दिसेनासा झाला तर आलेला माणूस तासभर भांडी हलवत बसतो, म्हणून नजर महत्त्वाची. कोणाला चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे ओळख पटवायला साप मारून पिशवीत घालून न्यायची गरज नाही.

दोन वर्षांपूर्वी एका स्वयंपाकघरात उंदरांसाठी लावलेल्या ग्लू पॅडवर हातभर कवड्या चिकटला होता. ओढला असता तर कातडी सोलून निघाली असती. आमच्या जुन्या सर्पमित्राने आधी उरलेल्या गोंदावर गव्हाचं पीठ भुरभुरलं, म्हणजे सुटलेला भाग पुन्हा चिकटू नये. मग गोडंतेल कापसाने थेंब थेंब सोडत, शेपटीकडून सुरुवात केली. पाऊण तास लागला. माझ्याकडे काम काय, तर तेलाची वाटी धरायचं. तेच तुझंही काम असेल, तेव्हा वाटी धरायला ये.

वटवाघळाला उघड्या हाताने कधीही हात लावायचा नाही, माकड-मुंगसाचंही तसंच. रेबीजची लस आधीच घेऊन ठेव, डॉक्टर देतात. खारीनेसुद्धा चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. परवाच्या गडबडीत तुला चावलं का ते तू सांगितलंच नाहीस.

आता खरं काम. पाऊस लागायच्या आत आमच्या तीन बिल्डिंगांच्या कबुतरांच्या जाळ्या बघायच्यात. सैल पडलेल्या जाळीच्या घडीत रात्री वटवाघळं आणि गव्हाणी घुबडं अडकतात. धडपडतात तसा दोरा पंखात रुततो, आणि घुबड म्हटलं की अपशकुन म्हणून कोणी खिडकीही उघडत नाही. ताणून बांधलेल्या जाळीत सहसा कोणी अडकत नाही. संक्रांतीचा मांजाही झाडांवर तसाच लटकतोय. नायलॉनच्या मांज्यावर हरित लवादाने 2017 मध्येच बंदी घातली, पण आमच्या आंब्याच्या शेंड्याला ते कोण सांगणार? वॉचमनकडे लांब बांबू आहे, त्याला आकडी बांधू.

शनिवारी सकाळी सातला ये. टोपी घाल, लांब बाह्यांचा शर्ट घाल. बोथट टोकाची कात्री आणि जाड हातमोजे माझ्याकडे आहेत.

तुझी,
काकू

ता. क. बुटाचा खोका टाकू नकोस. रिकामा असतानाच त्याला आतून बाहेर भोकं पाड, म्हणजे टोकं आत येत नाहीत. खाली जुना सुती पंचा अंथर, टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. खोका जिन्याखाली ठेव. जूनमध्ये तो लागतोच.