दमा आहे आणि होनोलुलू मॅरेथॉन चालायचीय?

ताई, होनोलुलू निवडलंत ते उत्तम केलंत. तिथे वेळेची मर्यादा नाही, त्यामुळे 42.195 किलोमीटर चालत पूर्ण करणाऱ्यांना कुणी रस्त्यावरून हटवत नाही. दम लागला तर बिनधास्त थांबा.

दम्याचे पंप (इनहेलर) दोन सोबत घ्या, दोन्ही केबिन बॅगेत. दम लागल्यावर घ्यायच्या पंपातल्या साल्ब्युटामॉल या औषधाला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहून घ्या. रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायची पावडरची कॅप्सूल) वापरत असाल तर डॉक्टरांशी आधीच बोला. घामाने भिजलेल्या पाउचमध्ये कॅप्सूल ओल धरते, पावडर चिकटून बसते आणि नेमकी गरज असताना नीट ओढली जात नाही. मी म्हणेन, चालताना स्प्रेचा पंपच बरा. रोजचा प्रतिबंधक पंप मात्र प्रवासाच्या धांदलीत अजिबात चुकवू नका.

हवा एरवी छान असते. पण हवाईमधला किलाउआ ज्वालामुखी जागा असेल आणि वारे दक्षिणेकडून आले, तर त्याचा गंधकाचा धूर होनोलुलू ज्यावर आहे त्या ओआहू बेटापर्यंत पोचतो. आदल्या दिवशी हवेचा अंदाज बघाच. मार्गावरच्या डायमंड हेड टेकडीचा चढ जाताना आणि परतताना असा दोनदा लागतो, तिथे वेग मुद्दाम कमी करा. पंप घेऊनही छाती मोकळी होत नसेल तर पुढे एक पाऊलही टाकू नका, तिथेच थांबून स्वयंसेवकांकडे मदत मागा.